चार पदरी फ्यूज

आमच्या गल्लीत कुणाच्या घरचे दिवे गेले की वीज कंपनीला फोन कोणी करत नसे. फ्यूजकाकूंना हाक मारायची. त्या हातातलं काम टाकून येत, अंबाड्यात खोचलेला टेस्टर उपसत, स्टुलावर चढत आणि दोन मिनिटांत उजेड पाडून खाली उतरत. उतरताना एक वाक्य ठरलेलं. "आता हा माझ्या हयातीत उडत नाही." आणि खरंच उडत नसे. काकूंनी बांधलेला फ्यूज आणि काकूंनी धरलेला अबोला, दोन्ही तुटत नाहीत, असं मी एकदा चारचौघांत बोलून गेलो होतो. ते त्यांच्या कानावर गेलं आणि पुढे महिनाभर त्यांनी मला चहा विचारला नाही. म्हणजे बोललो ते बरोबरच होतं.

त्यांचे यजमान वायरमन. गल्लीतल्या सव्वीस घरांपैकी निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची. तेव्हा घरात होतं तरी काय? चार बल्ब, एक पंखा, एक रेडिओ. भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकायच्या, त्यातून रबराची वायर फिरवायची, झालं काम. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा बल्ब बदलायलाही घाबरायच्या. काकांनी त्यांना फ्यूज बांधायला शिकवलं ते केवळ आळसापोटी. सुट्टीच्या दिवशी दुपारी दार वाजलं की यांना उठायचा कंटाळा. मग हे पलंगावरून सूचना देणार आणि काकू स्टुलावर.

काका गेले तेव्हा काकूंचं वय काही फार नव्हतं. गल्लीने हाका मारणं काही थांबवलं नाही, फक्त काकांच्या जागी काकू म्हणायला लागली. सुरुवातीला त्या शिकवल्याबरहुकूम एकच तार घालत. आठवड्याने तो फ्यूज पुन्हा उडे आणि घरमालकीण तोंड वाकडं करून म्हणे, काकांचा हात निराळा होता हो. हे त्यांनी तीनदा ऐकलं. चौथ्यांदा दोन तारा पिळून घातल्या. मला स्वतःच सांगितलं त्यांनी, मोठ्या तोऱ्यात: "एक पदर विजेसाठी, दुसरा माझ्या अब्रूसाठी." पुढे घराघरांत फ्रिज आले, इस्त्र्या आल्या, गीझर आले. दोनाचे तीन पदर झाले. गल्ली खूश, काकू खूश. शिवणाच्या डब्यात दोऱ्याच्या रिळांशेजारी फ्यूजच्या तारेचं रीळ असे, आणि पाहुण्याला दोरा हवा असला की काकू न बघता नेमकं तारेचंच रीळ पुढे करत.

आता त्यांच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. घर दुमजली. खाली थोरली, म्हणजे आपल्या काकू. वर धाकटी जाऊ आणि तिचा नवरा. दोघी भावांच्या बायका, एकच जिना, आणि अकरा वर्षं एकमेकींशी एक शब्द नाही. कारण विचाराल तर जिन्यातला दिवा. त्याचं एक बटण खाली, एक वर. काकू हातात पाण्याची कळशी घेऊन अर्ध्या जिन्यात असताना धाकटीने वरून दिवा बंद केला. धाकटी म्हणाली मला दिसलं नाही. काकू म्हणाल्या दिसलं. कळशीला पोचा पडला, काकूंना लागलं गुडघ्याला, आणि त्या दिवसापासून जिन्यात दोघींपैकी एक आली की दुसरी खोलीत जाते. एवढीशी गोष्ट. पण गल्लीला अकरा वर्षं करमणूक पुरवली त्या दोघींनी, आणि मी समोरच्याच घरात राहतो, खिडकी अगदी मोक्याची आहे, तेव्हा ती करमणूक वाया जाऊ नये याची काळजी मी घेत आलो.

वरच्या मजल्याची वीज मात्र खालूनच जायची. जिन्याच्या तळाशी पॅसेजमध्ये दोघींचा मिळून एक लाकडी बोर्ड. त्यावर चिनीमातीचे फ्यूज. तिथून वरची लाइन काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला लागून जाई आणि कोपऱ्यातल्या भोकातून वर निघे. वरचा मजला नंतर बांधला तेव्हा काकांनीच ती वायर जोडून लांबवली होती. जोड त्या कोपऱ्यातच, पट्टीच्या आत.

मागच्या वर्षी भावजींचा, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याचा, श्वास पुरेनासा झाला. जन्मभर फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश केलं, लाकडाचा भुसा आणि रंगाची वाफ छातीत भरून घेतली, ती छाती आता हिशोब मागायला लागली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं, नाकाला नळी, दिवसरात्र चालू. मशीन आलं त्याच दिवशी दुपारी वरचा फ्यूज उडाला. मशीन ओरडायला लागलं. धाकटी वर नुसती धावतेय, खाली येऊन काकूंना सांगावं तर अकरा वर्षं आडवी. मी खिडकीतून बघत होतो. काकू दार उघडून पॅसेजमध्ये आल्या, कोणाकडे न बघता फ्यूज काढला, तार बांधली, बसवला, दार लावून घेतलं. मशीन चालू झालं. धाकटी जिन्याच्या टोकाला उभी होती. आभार नाहीत, काही नाहीत. पण नंतर काकूंनी मला हळूच सांगितलं की वरच्याला मी तीन नव्हे, चार पदर घातलेत. भावजींचा श्वास आहे त्यावर, उडून चालणार नाही.

मी ते गल्लीत सांगितलं. लोक म्हणाले, बघा, थोरलीचं मन मोठं आहे. कोणी एक जण तरी घाबरायला हवा होता. कोणी घाबरलं नाही.

घाबरली ती भाची. काकूंच्या बहिणीची मुलगी, जुन्या घरांची वायरिंग तपासायची तिची नोकरी. एका रविवारी जेवायला आली, चपला काढता काढता बोर्डाकडे तिचं लक्ष गेलं, आणि तिथेच थांबली. काकूंच्या स्वयंपाकघराचा फ्यूज तिने ओढून काढला आणि उजेडात धरला.

"मावशी, हा कोणी बांधला?"

"मी." काकूंनी अंबाडा सावरला.

"किती पदर?"

"इथे तीन. वर चार."

भाची जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. मग तिने काय काय सांगितलं ते काकूंनी मला नंतर शब्द न शब्द ऐकवलं, आणि ऐकवताना त्यांचा आवाज असा येत होता की मी मध्ये एकही कोटी केली नाही. भाची म्हणाली, "फ्यूज हा घरातला एकटाच असा आहे की ज्याने वेळ आली की मरायचं असतं. तू त्याला मरूच देत नाहीस. मग त्याच्या जागी पट्टीतली वायर मरते, आणि ती मरताना घर बरोबर घेते." तिने पट्टीचं झाकण दोन बोटं उचकटून आतली वायर दाखवली. काकांच्या काळचं रबर. नखाने टोकरलं तर भुगा होऊन खाली पडलं आणि आतलं तांबं उघडं दिसायला लागलं.

तिने काकूंच्या फ्यूजचे तीन पदर सोडून एक तार घातली. वरच्यालाही हात घालणार तोच काकूंनी तिचं मनगट धरलं. एक तार घातली आणि वर गीझर लागला की फ्यूज जाणार. फ्यूज गेला की मशीन बंद. आणि धाकटी काय म्हणेल? थोरलीने मुद्दाम केलं. अकरा वर्षांत त्या घरात एक पाल चुकचुकली तरी ती थोरलीने सोडलेली असते. भाची म्हणाली, मग आत्ता वर जाऊ आणि सांगू. काकू म्हणाल्या, भावजी झोपलेत, संध्याकाळी मी सांगते, माझ्या घरातलं मला सांगू दे. भाचीने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं: गुरुवारी ती नवीन वायर आणि सामान घेऊन येणार, तोवर वर गीझर आणि इस्त्री अजिबात लागता कामा नये. फक्त मशीन आणि दिवे.

संध्याकाळ झाली. काकू जिन्याच्या पायथ्याशी तीनदा गेल्या. तीनदा परतल्या.

सोमवारी त्यांच्या स्वतःच्या घरचा फ्यूज दोनदा उडाला आणि मंगळवारी एकदा. पाण्याची मोटर आणि फ्रिज एकदम चालले की टक्. गल्लीत बातमी पसरली की फ्यूजकाकूंच्याच घरात अंधार. पसरवली कोणी ते विचारू नका. पण काकूंना त्याचं काही वाटत नव्हतं, आणि हीच मला पहिली खटकलेली गोष्ट. एरवी त्या माझ्या दारात येऊन माझी सालटी काढून गेल्या असत्या. त्या स्वयंपाकघरात स्टूल मांडून उभ्या होत्या आणि हाताची पालथी बाजू छताच्या पट्टीला लावत होत्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. पाच मिनिटांनी पुन्हा. मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलंय.

पट्टी गरम होती. थोडी नव्हे, चहाच्या पेल्याइतकी.

सोमवारी सकाळीच त्यांनी मला हाक मारून एक काम सांगितलं होतं. वर निरोप द्यायचा: वायर जुनी झाली आहे, भाचीने तपासली, गुरुवारपर्यंत गीझर आणि इस्त्री लावू नका, धोका आहे. साधा, सरळ निरोप. चार वेळा म्हणून घेतला माझ्याकडून. मी वर गेलो. आता मी काही पोस्टमन नाही. धाकटीने दार उघडलं, कपाळाला आठी, आणि तो चेहरा बघून माझ्या जिभेला कंड सुटली. मी म्हणालो, थोरल्या जाऊबाईंचा हुकूम आहे, आजपासून वर गीझर लावायचा नाही आणि इस्त्री करायची नाही. वायर, भाची, धोका, सगळं मागे राहिलं. मला फक्त आठी किती वर चढते ते बघायचं होतं. बरीच चढली. ती म्हणाली, "त्यांना सांगा, आज पडद्यांनासुद्धा इस्त्री होईल."

मी खाली येऊन काकूंना सांगितलं, निरोप पोचला. पडद्यांचं मात्र त्यांना सोडून सगळ्या गल्लीला सांगितलं.

त्यामुळे मंगळवारी काय झालं असेल ते बघा. काकूंना वाटतंय वर सगळं ठाऊक आहे. आणि वर गीझरची घरघर सुरू होते, पाठोपाठ टेबलावर इस्त्री दणादण आपटते, आणि छताची पट्टी तव्यासारखी होते. काकूंना दुसरं काय वाटणार? ही जाणूनबुजून करतेय. नवऱ्याच्या नाकात नळी असताना हट्टापायी जीवाशी खेळतेय. फ्यूज काढावा, तर मशीन बंद पडून भावजींचा श्वास जाणार. न काढावा, तर वायर पेटणार, आणि पेटली तर ती नेमकी ऑक्सिजनच्या खाली पेटणार. त्या दिवसभर घरात होत्या आणि कान छताला. गीझर लागला, गीझर बंद झाला. पाऊल इकडे, पाऊल तिकडे. इस्त्री. प्रत्येक आवाजासरशी त्यांचा हात आपोआप पट्टीकडे जाई. जेवण तसंच झाकून राहिलं.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला स्वयंपाकघरात मासळीचा वास यायला लागला. कुबट, तोंडाला मिठी बसेल असा. घरात मासळी नव्हती. काकूंनी वर बघितलं तर कोपऱ्यातल्या भोकाभोवती चुन्यावर तपकिरी डाग उमटला होता, चहा सांडल्यासारखा, आणि बघता बघता तो बोटभर मोठा झाला.

त्या पॅसेजमध्ये आल्या तेव्हा मी खिडकीत होतो. त्यांनी बोर्डाचं झाकण उघडलं, वरच्या फ्यूजवर हात ठेवला, आणि तसाच ठेवला. वरून मशीनचा आवाज येत होता, घुर्रर्र थांबून फुस्स, घुर्रर्र थांबून फुस्स. मग त्यांनी हात काढला आणि जिना चढायला लागल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी चपला न घालताच धावलो. कबूल करतो, पहिल्या तीन पावलांना मला तमाशा बघायचा होता. दारात शिरलो आणि तो वास नाकात गेला, मग नाही.

धाकटीने दार उघडलं, हातात इस्त्री.

"मी फ्यूजला चार पदर घातलेत," काकू म्हणाल्या. अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तो उडायला हवा होता आणि मी उडू दिला नाही. माझी चूक आहे. खाली वायर जळतेय. इस्त्री काढ, गीझर बंद कर. मी निरोप पाठवला होता."

धाकटीने आधी इस्त्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "यांनी तर हुकूम म्हणून सांगितलं."

"हुकूम कसला. मी घाबरले होते गं."

मला दोघींपैकी कोणी शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. खुर्चीवरून भावजी, नळीतून, दोन दोन शब्द तोडत म्हणाले, "वहिनी. आधी बंद करा. भांडण मग."

पण बंद केलं की मशीन बंद. कोपऱ्यात अडीअडचणीला ठेवलेलं ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर होतं, त्याचा काटा लाल पट्टीच्या तोंडाशी. नवीन सिलिंडर उद्या यायचं होतं. धाकटी म्हणाली, पंधरा मिनिटं, फार तर वीस. काकूंनी एकच विचारलं, भावजींना जिना उतरता येईल का? खाली त्यांच्या खोलीची लाइन वेगळी होती, मशीन तिथे लावता आलं असतं.

नळी सिलिंडरला लावली. काकू खाली गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो चार पदरी फ्यूज उपटला. वर सगळं गप्प झालं आणि मग मशीन किंचाळायला लागलं, वीज गेली की ते तसंच ओरडतं, अंगावर काटा येईल असं. भावजी जिन्यावर बसले आणि बसूनच एकेक पायरी उतरायला लागले, मागून धाकटी त्यांच्या काखेत हात घालून, आणि पुढे मी, सिलिंडर कडेवर घेऊन. तीन पायऱ्या, विश्रांती. दोन पायऱ्या, विश्रांती. ओठ निळसर. माझ्या छातीशी सिलिंडर, डोळ्यांसमोर काटा, आणि काटा लाल पट्टीत शिरलेला. माणसं घड्याळाकडे बघतात तसा मी त्या काट्याकडे बघत होतो आणि मनात एकच चाललं होतं, वायर, भाची, धोका. तीन शब्द होते. तीनच शब्द सांगायचे होते.

भावजींना काकूंच्या खोलीत टेकवलं, मग त्या दोघी जावा वर गेल्या आणि ते मशीन दोन्ही बाजूंनी उचलून घेऊन आल्या. "तुझी बाजू वर घे." "तू खाली बघ." एवढंच बोलणं. काकूंनी फ्रिज काढला, पंखा बंद केला, मोटरची पिन उपटली, मशीनची पिन लावली. बटण दाबलं. घुर्रर्र, फुस्स.

मग सुरू झालं वाट बघणं. काकूंनी भाचीला फोन लावला होता, ती निघाली होती, पण शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचं, दोन तास. सिलिंडर बंद करून ठेवलं, त्यात असलं तर पाच मिनिटांचं काही असेल. आणि भावजींचा श्वास आता काकूंच्या फ्यूजवर चालला होता. एका तारेच्या. याच आठवड्यात तीनदा उडालेल्या.

काकू पॅसेजमध्ये बोर्डासमोर उभ्या राहिल्या. जन्मभर ज्या बाईने उजेड हमखास दिला, तिला आता केसासारख्या एका तारेवर भरवसा ठेवायचा होता. भाचीने फोनवर बजावलं होतं की एवढं मशीन एक तार आरामात ओढते, बाकी काही लावू नकोस आणि हात लावू नकोस. काकूंना हिशोब पटत होता. हाताला पटत नव्हता. पाव तास गेला. त्या आत आल्या, शिवणाचा डबा उघडला आणि तारेचं रीळ घेऊन बाहेर गेल्या.

धाकटी त्यांच्या मागे गेली.

"काय करतेस?"

"एकच तार आहे. गेली तर?"

"आणि दुसरी घातलीस तर?"

काकूंनी वीतभर तार सोडून घेतली होती, ती बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं. आतून घुर्रर्र, फुस्स. आतून घुर्रर्र. मधला थांबा जरा लांबला की आम्हा तिघांचेही श्वास अडकत. शेवटी काकूंनी रीळ धाकटीच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तू धर. मी मागितलं तरी देऊ नकोस." धाकटीने ते मुठीत घट्ट धरलं आणि दोघी जिन्याच्या पायरीवर शेजारी शेजारी बसल्या. अर्ध्या तासाने काकूंनी खरोखर मागितलं. तिने दिलं नाही.

भाची आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यातली पट्टी तिने पेचकसाने उचकटली तर ती निघाली नाही, तुटून हातात आली. हातभर लांबीचा कोळसा. काकांनी घातलेला जोड वितळून गोळा झाला होता. आणि वरच्या मजल्याची जी लाकडी तुळई त्याला लागून होती तिलाही खालून काळा खळगा पडला होता, बोट जाईल एवढा. भाचीने टॉर्च मारून बघितलं आणि विचारलं, याच्या बरोबर वर काय आहे?

"यांची खाट," धाकटी म्हणाली.



गुरुवार, शुक्रवार भाचीने रजा काढली. वरची लाइन मीटरपासूनच वेगळी, भिंतीच्या बाहेरून पाइपातून नेली. जुन्या लाकडी बोर्डाच्या जागी पत्र्याची पेटी बसली, गीझरला वेगळा खटका, मशीनला वेगळा, आणि जमिनीत नवीन अर्थिंग. खटके असे की जरा जास्त भार झाला की आपोआप पडतात. काकूंना समजावं म्हणून भाचीने मुद्दाम एक पाडून दाखवला. टक्. काकू दचकल्या. मग म्हणाल्या, पुन्हा पाड. तिने पुन्हा पाडला. काकूंनी चार वेळा ऐकला तो आवाज, मान कलती करून.

भाचीने जाताना विचारलं, गल्लीत आणखी कुठे कुठे बांधलेत तू? काकू म्हणाल्या, सव्वीस. भाचीचा चेहरा बघून मीच खाली मान घातली.

शनिवारी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. उघडलं तर दोघी जावा. काकूंच्या अंबाड्यात टेस्टर, धाकटीच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी म्हणालो, या, या, आज सूर्य कुठून उगवला, चहा टाकतो. काकू आत आल्या नाहीत. धाकटीने कागद उलगडून तो कोळशाचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. तो कुबट वास अजून होता त्याला.

"ही सांगायला गेली की गोड करून सांगते," ती काकूंकडे मान वळवून म्हणाली, "आणि तुम्ही सांगायला गेलात की काय होतं ते बघितलं. म्हणून मी बरोबर आलेय. सव्वीस घरं आहेत. तुमचं पहिलं."

मी काकूंकडे बघितलं. हसण्यावारी नेण्यासारखं काहीतरी तोंडाशी आलं होतं. ते गिळून विचारलं.

"आमच्याकडे किती पदर आहेत?"

काकूंनी माझ्या डोक्यावरून आत, आमच्या स्वयंपाकघराच्या छताकडे बघितलं. "तुम्हाला अंधाराचा फार राग यायचा," त्या म्हणाल्या. "पाच."

आत आमची ही कपड्यांना इस्त्री करत होती आणि न्हाणीघरात गीझर लागलेला होता. मी कोळसा हातात तसाच धरून आत गेलो, इस्त्रीची पिन काढली, गीझर बंद केला, फ्रिज बंद केला. ही विचारत होती, अहो, काय झालं, काय झालं. स्वयंपाकघरात स्टूल ओढलं, वर चढलो आणि हाताची पालथी बाजू पट्टीला लावली.

मग उतरलो आणि मेन बंद केला.